मॅनेजर जेवत नाहीत

मावशी: दारात काय उभे राहिलात, डॉक्टर? दवाखाना तुमचाच आहे. की आता तुम्हालाही नंबर पुकारून आत बोलवायचं?

बाबा: इथूनच बघतो. फरशी पुसलीयत तुम्ही.

मावशी: पुसून वाळून अर्धा तास झाला. या आत. पेशंट साडेनऊच्या आधी येत नाहीत. आत्ता मी, तुमची लेक आणि माशाच्या टाकीतले आमचे मॅनेजर, एवढेच आहोत.

लेक: या ना, बाबा. आणि बघितलंत का? तुम्ही पायऱ्या चढलात तसा तो वळला. इतके दिवस बहुतेक वेळ त्या कोपऱ्यात तोंड घालून पडलेला असतो. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा असा झटकन वळलाय.

बाबा: एकोणीस? घरी मला चारपाच दिवस म्हणालीस.

लेक: एकोणीस सांगितलं असतं तर तुम्ही जेवण सोडलं असतंत. मग मी एकाच वेळी दोघांना कशी भरवणार होते?

बाबा: आणि आज कसं सांगितलंस?

लेक: आज सांगावंच लागलं. आज तो कलंडून पोहत होता.

बाबा: ...दिवा लाव टाकीतला. बापरे. पाठ बघ केवढी बारीक झालीय. सगळं डोकंच उरलंय.

मावशी: तरी रुबाब गेलेला नाही. काल त्या ठेकेदाराची अक्कलदाढ काढायची होती. एवढा आडदांड माणूस, खुर्चीवर घाम फुटून बसला होता. साहेब कसेबसे काचेशी आले, त्याच्यासमोर थांबले, आणि ठेकेदार म्हणतो, "मावशी, हा माझ्याकडे बघतोय, आता रडता येणार नाही." चौदा वर्षं हेच चाललंय. उगाच नाही नाव पडलं मॅनेजर.

बाबा: काय काय देऊन बघितलंस?

लेक: सगळं. गांडुळवाले आजोबा मुलीकडे राहायला गेले, त्याच दिवसापासून हे सुरू झालं. दुसरीकडची गांडुळं आणली, तर ती औषध मारलेल्या मातीतली. ती द्यायची भीती वाटते. म्हणून दाणे दिले. गोठवलेल्या अळ्यांच्या वड्या दिल्या. कोळंबीचे तुकडे करून दिले.

मावशी: लसूण सांग की.

लेक: हो, लसणाच्या पाण्यात बुडवूनही दिलं. वासाने भूक चाळवते म्हणतात.

मावशी: मी म्हटलं, आता एक फोडणीच द्यायची राहिलीय.

लेक: माशांच्या दुकानातला म्हणाला, तुम्ही त्याला लाडावून ठेवलाय. जिवंत गांडुळांची चटक लागलीय. आठ दिवस काही टाकूच नका, भूक लागली की मुकाट्याने खाईल. म्हणून आठ दिवस मी काहीच टाकलं नाही, बाबा.

बाबा: बरोबरच सांगितलं त्याने. हट्टी मासे तसेच वळणावर आणतात.

लेक: नवव्या दिवशी टाकलं. तो आला, सगळ्या टाकीभर फिरला. कोळंबी नाकासमोरून खाली गेली आणि हा पुढे निघून गेला. मग मला वाटलं, तोंडात काहीतरी झालं असणार.

मावशी: हे ऐका हं, डॉक्टर.

लेक: मावशींनी ओल्या फडक्यात धरला आणि मी आरसा घालून तोंड बघितलं.

बाबा: माशाचा दात दुखतोय का ते बघितलंस?

लेक: तुम्ही काय केलं असतंत?

बाबा: तेच. घशात बघितलंस का? त्यांचे चावायचे दात घशात असतात.

लेक: बघितलं. स्वच्छ आहेत. कुठे सूज नाही, जखम नाही. दोनदा बघितलं. आपल्या निम्म्या पेशंटपेक्षा तोंड चांगलं आहे त्याचं.

बाबा: मग नखरेच. दुसरं काय? टाक बघू आत्ता एक तुकडा. माझ्यासमोर टाक.

लेक: हा घ्या. बघा, वास आला. कसा हलला बघा. आता फिरायला लागेल... फिरतोय... तुकडा तिथे, त्याच्या डाव्या गालाशी... आणि गेला. बघितलंत? रोज हेच.

बाबा: थांब. नाक मुरडणारा असा वागत नाही. नको असेल तर तो तोंड फिरवून कोपऱ्यात जाईल. हा तर शोधतोय.

मावशी: मी एक बोलू का? मी काही डॉक्टर नाही.

बाबा: सव्वीस वर्षं बोलताय मावशी, आजच परवानगी कशाला?

मावशी: तो शोधतोय तसं मी शोधायचे. ऑपरेशनच्या आधी.

लेक: कसलं ऑपरेशन?

मावशी: डोळ्यांचं गं! मोतीबिंदूचं. गेल्या वर्षी नाही का आठ दिवस रजा घेतली? त्याच्या आधी दोन वर्षं मला कपाटातल्या फाइलींवरचे नंबर दिसत नव्हते. तुम्हा दोघांना कधी कळलं?

बाबा: दोन वर्षं? तुम्ही एकदाही चुकीची फाइल दिली नाहीत.

मावशी: बोटांनी ओळखायचे. कोणाची जाड, कोणाचा कोपरा दुमडलेला, कोणाची कुठल्या खणात. पण तू एकदा फाइली नवीन पुठ्ठ्यात घातल्यास ना, छोट्या डॉक्टर, तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. फाइल समोर असायची आणि मी भलतीकडेच चाचपत असायचे. अगदी अशी.

लेक: मावशी, तुम्ही म्हणताय की...

मावशी: मी काही म्हणत नाही. तू काचेवर हात हलव. बोट नको लावू, नुसता हात हलव त्याच्या डोळ्यांसमोर.

लेक: हलवते. ...काहीच नाही. ढिम्म.

मावशी: आता मी ही बादली जमिनीवर ठेवते. त्याच्या मागच्या बाजूला. बघा हं.

लेक: वळला! लगेच वळला!

बाबा: तुझा तो भिंगाचा चष्मा आण. दिव्यासकट.

लेक: आणला. बाबा, जरा बाजूला... काचेवर चमक येतेय. मावशी, पडदा ओढा. हां. थांब रे बाळा, थांब. ...अगं बाई.

बाबा: काय दिसतंय?

लेक: डोळ्यात आत, अगदी मधोमध, पांढरं आहे. दाट पांढरं. दुसरा डोळा... दुसऱ्यातही तसंच. बाबा, हा आंधळा आहे. ठार आंधळा आहे. आणि हे एका महिन्यातलं नाही. किती वर्षांचं आहे कोण जाणे.

मावशी: बघू मला. ...हो गं. हेच माझ्या आरशात होतं.

लेक: आपण तोंड उघडून दोनदा बघितलं. घशापर्यंत आरसा घातला. आणि डोळे, जे काचेबाहेरून कोणालाही दिसतात, ते बघितलेच नाहीत.

बाबा: दातांचे डॉक्टर आपण. तोंडातच बघणार.

लेक: हसू नका. आंधळ्याला मी आठ दिवस उपाशी ठेवला आणि वर म्हटलं, नखरे करतोस.

बाबा: हसत नाहीये मी. विचार करतोय, याने निभावलं कसं? ही एवढी टाकी, हे दगड, ही नळी, तो पाणी गरम ठेवणारा दांडा. कधी धडकला का?

मावशी: कधीच नाही. मी रोज बघते. वळणावर अगदी बोटभर अंतर ठेवून वळतो.

बाबा: आणि गांडुळं? रोज सहाच्या सहा?

मावशी: पाण्यात पडायचा अवकाश की गट्टम. माझी नजर पोहोचायच्या आत खलास.

लेक: गांडूळ वळवळतं, बाबा. वळवळीने पाणी हलतं, ते त्याला कळतं. ही रेघ दिसतेय का त्याच्या अंगावर, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, बारीक बारीक टिंबांची? मी कालच वाचलं. त्या प्रत्येक टिंबाने त्याला पाण्यातला हलका धक्का कळतो. आणि मी काय देत होते? मेलेली कोळंबी. जी हलतच नाही. त्याच्या लेखी मी काही टाकतच नव्हते.

मावशी: वास तर येतोय म्हणजे.

लेक: वास सगळ्या टाकीभर. पंप पाणी फिरवतो ना. घरभर स्वयंपाकाचा वास आणि ताट कुठे ते कळत नाही, असं झालं त्याचं.

बाबा: पण तो माझ्याकडे बघायचा.

लेक: बाबा...

बाबा: नाही, ऐक. मी सकाळी आलो की तो या इथे यायचा. या कोपऱ्यात. मी बॅग ठेवायचो आणि त्याच्या डोळ्यांत बघून दिवसभराचं सांगायचो. आज दोन मुळं साफ करायची आहेत, आज ती रडणारी मास्तरीण येणार आहे. कोणाला सांगत नव्हतो ते त्याला सांगायचो. तो बघायचा. मला वाटायचं बघतोय.

मावशी: तो तुमची चाल ओळखायचा, डॉक्टर. तुम्ही उजवी टाच आपटून चालता. खालच्या पायरीपासून फरशी सांगते, मोठे डॉक्टर आले. मला दिसत नव्हतं तेव्हा मीसुद्धा तशीच ओळखायचे.

लेक: आणि आज तुम्ही पायऱ्या चढलात तसा तो वळला. तुम्ही दाराबाहेर होतात. टाकीतून दार दिसतच नाही.

बाबा: चौदा महिने मी इथे आलेलो नाही.

लेक: हो.

बाबा: चौदा महिने. रोज चाळीस माणसं येतात जातात या फरशीवरून.

मावशी: रोज चाळीस. आणि त्यातले निम्मे भीतीने पाय घासत.

बाबा: आणि त्याने माझी टाच लक्षात ठेवली. ...मला जरा बसू दे.

मावशी: बसा. पाणी देते.

बाबा: पाणी नको. मला वाटलं होतं इथे कोणाला काय फरक पडतो. नवीन खुर्ची आली, नवीन मशीन आलं. हा बिचारा अंधारात बसून पायऱ्या ऐकत होता. चौदा महिने. अंगावर काटा आला माझ्या.

लेक: माझ्याही. पण आता रडायला वेळ नाही, बाबा. आता कळलंय ना काय करायचं ते. मी तुकडा चिमट्यात धरते आणि त्याच्या जवळ हलवते. त्याला वाटेल जिवंत आहे. मावशी, तो लांबट तुकडा द्या.

मावशी: घे. सावकाश.

लेक: धरला. ...येतोय का?

बाबा: येत नाही. तुझा हात एका जागी ठाम आहे. हलव.

लेक: हलवते.

बाबा: एवढा नको! घंटा वाजवतेयस का? घाबरून मागे गेला.

लेक: मग असा?

बाबा: आता हात डावीउजवीकडे जातोय नुसता. गांडूळ असं करत नाही. बारीक, सारखं, आतून आल्यासारखं पाहिजे.

लेक: जमत नाहीये. माझा हात आपोआप थांबतो. सहा वर्षं मी हात हलू नये हेच शिकले. तुम्हीच शिकवलंत.

मावशी: आण, मी बघते. ...छे. माझ्याकडून तर भांडी विसळल्यासारखं होतंय.

लेक: पुन्हा मागे गेला. आणि बघा, पुन्हा कलंडतोय. बाबा, त्याच्यात आता दम राहिलेला नाही. अजून दोनतीनदा घाबरला तर संपलं.

मावशी: डॉक्टर.

बाबा: काय?

मावशी: खिशातला हात काढा.

बाबा: मावशी, हे काय बोलणं झालं?

मावशी: तुम्ही आलात तेव्हापासून बघतेय. दारातून आत आलात, खुर्चीवर बसलात, उजवा हात खिशातच. इथे बारीक, सारखा, आतून येणारा असा एकच हात आहे.

बाबा: पुरे. लेकीसमोर...

लेक: लेकीला काय कळत नाही का? घरी मी तुमचा कप अर्धाच भरते, ते काय चहा महाग झालाय म्हणून? शर्टाची बटणं काढून चिकटपट्टी शिवून आणली, ती काय फॅशन म्हणून?

बाबा: तू कधी बोलली नाहीस.

लेक: तुम्ही कधी बोलला नाहीत. मला वाटलं मी खुर्ची बदलली म्हणून रागावून दवाखान्यात येत नाही. मग कपाचा आवाज ऐकू यायला लागला बशीवर, तेव्हा कळलं.

बाबा: खुर्ची चांगली आहे. मी बसून बघितलंय, तू नसताना. ती आली त्या आठवड्यात.

मावशी: मी सांगू का तिला, तो शेवटचा दिवस?

बाबा: मीच सांगतो. एक बाई होत्या खुर्चीत. पंधरा वर्षांच्या ओळखीच्या. मी तोंडात आरसा घातला आणि तो त्यांच्या दातावर वाजायला लागला. किणकिण किणकिण. मी दाबून धरला तर जास्त. त्या तोंड उघडं ठेवूनच म्हणाल्या, "डॉक्टर, थंडी वाजतेय का?" मी हो म्हटलं. खोटं बोललो. त्यांना तुझ्या हवाली केलं, कोट काढला आणि घरी आलो. पस्तीस वर्षं ज्या हाताचं खाल्लं, त्याने असं लाजवलं. त्यानंतर मी चारचौघांत हा हात खिशाबाहेर काढलेला नाही.

मावशी: आज काढा. इथे पेशंट नाही. आणि जो आहे, त्याला दिसत नाही.

लेक: मावशी!

मावशी: खोटं आहे का? बघ, डॉक्टरांनाच हसू आलं.

बाबा: बाई, तुम्ही कधी सुधारणार नाही. ...चिमटा नको देऊस मला. काचेवर वाजेल. नुसता तुकडा दे.

लेक: हा घ्या. बोटांत धरा. लांब टोक मोकळं ठेवा.

(बाबांनी हात खिशातून काढला, बाही मागे केली आणि कोणाकडेही न बघता मनगटापर्यंत पाण्यात घातला. बोटं नेहमीसारखी थरथरत होती. थरथर सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी ती आवरायचा प्रयत्न केला नाही.)

लेक: पाणी बघा, मावशी. बोटांभोवती कसं शहारतंय.

मावशी: बोलू नको.

लेक: वळला. डोकं वळवलं त्याने.

बाबा: तुम्ही दोघी हलू नका. फरशीवर पाय वाजवू नका.

मावशी: श्वाससुद्धा घेत नाही.

लेक: थांबलाय. कल्ले बघा कसे चाललेत. ऐकतोय तो. नाही, ऐकत नाही, अंगाला लावून बघतोय. बाबा, तो सरळ झालाय. कलंडलेला नाही आता.

बाबा: ये. ये रे. मीच आहे.

लेक: दगडाला वळसा घातला... नळीच्या बाजूने... बोटभर अंतर ठेवलं... सरळ येतोय, बाबा. अगदी रेघ मारल्यासारखा तुमच्या हाताकडे...

बाबा: अं!

मावशी: घेतला! घेतला गं, घेतला!

लेक: थुंकेल. तोंडातून बाहेर टाकेल, दाणेही टाकायचा. थांबा. ...चावतोय का? चावतोय. गिळला. गिळला, बाबा!

बाबा: ओठ लागले बोटांना. मऊ आहेत. केवढे मऊ आहेत गं. चौदा वर्षांत मी कधी हात लावला नव्हता त्याला.

लेक: दुसरा घ्या. लवकर. तो तिथेच थांबलाय.

मावशी: थांबलाय कसला, हात चाचपतोय. बोटाला नाक लावून उभा आहे. अहो, माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं ते हे बघायला झालं म्हणायचं.

बाबा: हा घे. ...घेतला. याला शोधावंसुद्धा लागलं नाही. मावशी, तुम्ही रडताय का?

मावशी: लसणाचं पाणी आहे डोळ्यात.

लेक: तिसरा देऊ या का?

बाबा: आज एवढाच. एकोणीस दिवसांचं पोट आहे, एकदम भार नको. दुपारी एक देऊ. मग संध्याकाळी अर्धा. आणि दगड, नळी, काही जागचं हलवायचं नाही. एक खडासुद्धा. त्याने सगळं पाठ केलंय.

लेक: नाही हलवणार.

बाबा: काय असतं ना हे! मी या हाताला काय काय बोललो असेन. औषधं बदलली, तो अंगाखाली दाबून झोपलो, शिव्या दिल्या. आणि पाण्यात घातला तर एका आंधळ्या जिवाला तो दिसला. मी हात काढूनसुद्धा तो अजून तिथेच आहे बघ.

मावशी: टॉवेल घ्या. आणि पुसून झाला की पुन्हा खिशात घालू नका. साडेनऊ झाले, पेशंट पायरीवर आहेत.

बाबा: कोण आहे पहिलं?

मावशी: कालचे ठेकेदार. टाका दाखवायला आलेत. आल्या आल्या विचारतील, मॅनेजर जेवले का.

बाबा: सांगा त्यांना, जेवले. कोणाच्या हातून ते विचारलं तरी सांगा.

लेक: बाबा, उद्यापासून मीच देईन. तुम्हाला रोज पायऱ्या नकोत. मला फक्त शिकवा, हात असा कसा ठेवायचा ते. आज जमलं नाही, पण सराव केला की जमेल मला.

बाबा: नको.

लेक: का? मी पटकन शिकते, तुम्हाला माहितीये.

बाबा: तुला कधीच न जमो, बाळा. मी येत जाईन.